मापाला साक्षीदार हवा

मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णापासून दीड-दोन मीटरवर, उंच दांड्यावर, दोन डोळ्यांचा एक कॅमेरा उभा असतो. एका आडव्या पट्टीच्या दोन टोकांना त्याची दोन भिंगे बसवलेली असतात. त्यांच्यातले अंतर साधारण अर्धा मीटर. रुग्णाचे डोके घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीवर आणि सर्जनच्या हातातल्या उपकरणावर लहान चमकदार गोळे लावलेले असतात. कॅमेऱ्यातून निघालेला, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश त्या गोळ्यांवरून परततो. प्रत्येक गोळा दोन्ही भिंगांना किंचित वेगळ्या जागी दिसतो आणि तेवढ्या फरकावरून संगणक त्याची अवकाशातली जागा काढतो. मग आदल्या दिवशी काढलेल्या एमआरआयच्या चित्रावर उपकरणाचे टोक नेमके कुठे पोचले आहे ते पडद्यावर दिसू लागते. गाठ किती खोल आहे, रक्तवाहिनी किती जवळ आहे, याचा अंदाज सर्जन त्या पडद्यावरून घेतो. कॅनडातल्या वॉटर्लू इथल्या नॉर्दर्न डिजिटल कंपनीचे पोलारिस कॅमेरे या कामासाठी जगभर वापरले जातात, आणि त्यांतल्या स्पेक्ट्रा या मॉडेलची जाहीर अचूकता पाव मिलिमीटर आहे. हा आकडा खरा आहे, पण तो कारखान्यातून बाहेर पडतानाचा आहे. पुढे ट्रकमधून प्रवास, भिंतीला लागलेले धक्के, वातानुकूलनाची थंडी, दिव्यांची उष्णता आणि वर्षानुवर्षांची हलवाहलव या सगळ्यातून गेल्यावर त्या पाव मिलिमीटरचे काय होते, हे कारखान्याचे प्रमाणपत्र सांगू शकत नाही. माझे म्हणणे असे की, अशा कॅमेऱ्याची अचूकता त्याच्यासोबत विकत घेता येत नाही. ती वापराच्या जागी पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते, आणि तिचा पुरावा कॅमेऱ्याच्याच तोंडून घेऊन चालत नाही. ज्याचे माप आधीच ठाऊक आहे अशी एखादी बाहेरची वस्तू साक्षीला लागते.

हे इतके आग्रहाने म्हणण्याचे कारण या मोजणीच्या भूमितीतच आहे. दोन भिंगे आणि समोरचा बिंदू मिळून एक त्रिकोण होतो. भिंगांमधले अंतर हा त्याचा पाया आणि दोन दृष्टिरेषा या त्याच्या दोन बाजू. शस्त्रक्रियागृहात हा त्रिकोण फार अरुंद असतो, कारण पाया अर्ध्या मीटरचा आणि उंची दोन मीटरची. अरुंद त्रिकोणात दृष्टिरेषेचा कोन थोडासा चुकला की शिखर बरेच पुढे-मागे सरकते. डावी-उजवीकडची चूक अंतराच्या प्रमाणात वाढते, पण खोलीतली चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट केले की ती चौपट होते. आकडे घालून पाहू. समजा, दोनपैकी एक भिंग एका अंशाच्या शंभराव्या भागाएवढे वळले. पाच सेंटिमीटर लांबीच्या त्या एका डोळ्याचे मागचे टोक माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण आठव्या हिश्शाने सरकले, तर एवढे वळण येते. डोळ्याला ते कधीच दिसणार नाही. पण पाया अर्ध्या मीटरचा आणि गोळा दोन मीटरवर असेल, तर तेवढ्यानेच खोलीच्या मापात सुमारे 1.4 मिलिमीटरची चूक शिरते. पाव मिलिमीटरच्या दाव्याच्या ही पाचपटीहून जास्त झाली. उष्णतेचेही तसेच. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला दशलक्षात सुमारे 23 भाग प्रसरण पावते. पट्टी नुसत्या ॲल्युमिनियमची असेल आणि ती पाच अंशांनी तापली, तर अर्ध्या मीटरमागे लांबी सहा शतांश मिलिमीटरच्या आसपास वाढते आणि दोन मीटरवरचे माप जवळजवळ पाव मिलिमीटरने चुकते. खरी भीती तर एकसारख्या तापण्याची नाहीच. पट्टी एका बाजूने जास्त तापली की वाकते, आणि वाकली की कोन बदलतो. म्हणून चांगल्या कॅमेऱ्यांच्या सांगाड्यात तापमानाचे संवेदक असतात, आणि सुरू केल्यावर काही काळ तापून स्थिर होईपर्यंत थांबायला सांगितलेले असते. घाईच्या सकाळी हे थांबणेच पहिल्यांदा गळते.

ही अडचण दोनशे वर्षांपूर्वी भारताच्या जमिनीवरही उभी राहिली होती, आणि ती जशी सोडवली गेली त्यात माझ्या म्हणण्याचा अर्धा भाग आलेला आहे. विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात आधाररेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली. तीच पुढे ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे म्हणून ओळखली गेली. भूमिती तीच होती. एक पाया काटेकोर मोजायचा, दोन टोकांवरून कोन घ्यायचे आणि दूरच्या डोंगराची जागा काढायची. पोलादी साखळी उन्हात लांबते हे लॅम्बटनला ठाऊक होते. म्हणून ती लाकडी पन्हळींत ठेवून, वर तंबूची सावली धरून आणि थर्मामीटर लावून मोजणी केली गेली. 1808 मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना त्याचा मोठा थिओडोलाइट आदळला आणि त्याची वर्तुळाकार पट्टी वाकली, तेव्हा काही आठवडे खपून त्याने ती पुन्हा गोल करून घेतली. त्याच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने साखळीच्या जागी पितळ आणि लोखंड जोडून केलेले कोल्बीचे गज आणले. दोन धातूंच्या प्रसरणातला फरक असा वापरलेला होता की गजाच्या टोकांवरच्या खुणा तापमान बदलले तरी दहा फुटांच्याच अंतरावर राहाव्यात. हे सगळे उपाय उत्तम होते, तरीही त्या लोकांनी केवळ उपायांवर भरवसा ठेवला नाही, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच. त्रिकोणांची साखळी शेकडो मैल गेली की ते दूर कुठेतरी दुसरी आधाररेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजत आणि त्रिकोणांतून गणिताने आलेल्या लांबीशी ती ताडून पाहत. मराठवाड्याच्या सीमेलगतच्या बिदरची 1841 मधली आधाररेषा अशाच पडताळणीसाठी होती. साखळीच्या दोन टोकांना जमिनीवर मोजलेले खरे माप असल्यामुळेच मधल्या सगळ्या त्रिकोणांवर विश्वास ठेवता आला. त्रिकोण आपल्या आतल्या कोनांची बेरीज कितीही नीट जुळवून दाखवोत, आपण खरे किती लांब आहोत हे ते स्वतः सांगू शकत नाहीत.

वैद्यकात दुहेरी दृष्टीने मोजणे क्ष-किरणांच्या शोधापाठोपाठच आले. राँटगेनने 1895 च्या अखेरीस आपला शोध जाहीर केला, आणि 1898 पर्यंत लंडनमध्ये जेम्स मॅकेन्झी डेव्हिडसन दोन जागांवरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांच्या आधारे शरीरात रुतलेल्या वस्तूची खोली दोऱ्यांनी काढून दाखवत होता. एका चित्रात गोळी हाडाच्या पुढे आहे की मागे ते कळत नाही, दोन चित्रांत कळते. पण या पद्धतीचा सर्वांत काटेकोर वापर पुढे स्वीडनमध्ये झाला, आणि दुहेरी मोजणी अचूक ठेवायची म्हणजे काय हे शिकायचे तर तिथेच जावे. लुंडमध्ये योरान सेल्व्हिक यांनी 1974 मध्ये आपला प्रबंध मांडला. पद्धतीचे नाव आज रेडिओस्टिरिओमेट्री, व्यवहारात आरएसए. खुब्याचा किंवा गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसवताना आजूबाजूच्या हाडात टँटलम या जड धातूचे साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान मणी टोचून ठेवतात. मग दोन क्ष-किरण नळ्यांतून एकाच वेळी दोन चित्रे घेतात. सांधा हाडाच्या मानाने किती सरकला हे महिन्यांनी, वर्षांनी पाहायचे असते, आणि मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतके सरकणे या पद्धतीला पकडता येते. साध्या क्ष-किरण चित्रावर इतके सूक्ष्म काहीच दिसत नाही.

ही अचूकता येते कुठून? नळ्या काही खास नसतात. त्या छताला टांगलेल्या असतात किंवा चाकांवर हलवता येतात आणि प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या जागी उभ्या राहतात. सेल्व्हिक यांच्या पद्धतीत त्यांच्या जागेवर विश्वास ठेवलेलाच नाही. रुग्णासोबत प्रत्येक चित्रात एक प्लास्टिकचा पिंजरा असतो, आणि त्याच्या दोन पातळ्यांत टँटलमचे मणी ठरलेल्या, आधी बारकाईने मोजलेल्या जागी बसवलेले असतात. एका पातळीवरच्या मण्यांवरून चित्रातला प्रत्येक ठिपका पिंजऱ्याच्या मोजपट्टीत बसवला जातो. दुसऱ्या पातळीवरच्या मण्यांच्या सावल्यांवरून त्या क्षणी नळी नेमकी कुठे होती ते काढले जाते. म्हणजे कॅलिब्रेशन, साधनाचे माप ज्ञात मापाशी जुळवून घेणे, हे महिन्यातून एकदा उरकण्याचे काम राहत नाही, ते प्रत्येक मोजणीच्या आतच घडते. साक्षीदार चित्रातच उभा असतो. त्यावर आणखी एक सवय आहे, आणि मला ती पिंजऱ्याहूनही मोलाची वाटते. रुग्णाला टेबलावरून उठवून, पुन्हा झोपवून, त्याच दिवशी दुसऱ्यांदा चित्रे घेतात. मधल्या काही मिनिटांत सांधा सरकलेला नसणार हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून खरे उत्तर शून्य. पद्धत शून्याऐवजी जे काही दाखवते ती तिची त्या रुग्णावरची, त्या खोलीतली, त्या दिवशीची चूक. 2013 मध्ये या पद्धतीसाठी आंतरराष्ट्रीय मानक निघाले, आयएसओ 16087. सतत कसोटीवर राहण्याची ही सवय त्याच्या कितीतरी आधीपासून संशोधकांच्या अंगवळणी पडलेली होती.

तिचा उपयोग काय झाला याचे उदाहरण बोनलॉकचे आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कृत्रिम सांधा हाडात बसवण्यासाठी हे नवे बोन सिमेंट बाजारात आले. घट्ट होताना ते कमी तापते आणि त्यातून घातक द्रव्ये कमी झिरपतात, असे आश्वासन होते, आणि रासायनिकदृष्ट्या ते आकर्षकही वाटत होते. डेन्मार्क-नॉर्वेत ते बऱ्याच रुग्णांना वापरले गेले. स्वीडनमध्ये खुब्याच्या 30 सांध्यांवर त्याची प्रचलित सिमेंटशी तुलना झाली, आणि स्टिरिओ मोजणीत बोनलॉकने बसवलेले सांधे लवकरच जास्त सरकू लागलेले दिसले. 1995 मध्ये तो अहवाल छापून आला. त्याच वर्षी नॉर्वेच्या सांधे-नोंदणीतूनही बोनलॉकचे सांधे लवकर निकामी होत असल्याचे पुढे आले, आणि सिमेंट बाजारातून काढून घेतले गेले. नोंदणीला हे कळायला असंख्य रुग्णांच्या दुखण्यातून आणि दुसऱ्या शस्त्रक्रियांतून जावे लागले. तीच गोष्ट मोजणीला 30 सांध्यांत दिसली. ती दिसली कारण मिलिमीटरच्या दशांशावर भरवसा ठेवण्यासारखी परिस्थिती होती. मोजणीच अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे भरकटत असती, तर त्या 30 सांध्यांनी काहीही सांगितले नसते, आणि आश्वासन आणखी काही काळ खरे मानले गेले असते. अचूक मोजणी ही प्रयोगशाळेची हौस आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या उदाहरणाशी थोडा वेळ थांबावे.

आता शस्त्रक्रियागृहातल्या कॅमेऱ्याकडे परत येऊ. तिथे बहुतेक वेळा पिंजरा नसतो, दुसऱ्यांदा मोजण्याची सवय नसते. असतो तो पडद्यावरचा एक आकडा. स्कॅनमधल्या खुणा आणि रुग्णाच्या अंगावरच्या त्याच खुणा एकमेकींवर बसवल्या की संगणक सांगतो, सरासरी चूक अमुक मिलिमीटर. आकडा लहान असला की सर्वांना हायसे वाटते. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या फिट्झपॅट्रिक यांनी सहकाऱ्यांसह 1998 मध्ये या चुकांचे गणित मांडले, आणि 2009 मध्ये त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवून दिली. खुणा किती चांगल्या जुळल्या याचा आकडा आणि प्रत्यक्ष लक्ष्याच्या जागी असलेली चूक यांचा परस्परसंबंध नसतो. यामागचे कारण समजायला अवघड नाही. डोक्याच्या वजनाने एका बाजूची कातडी सरकली आणि तिच्यावरच्या सगळ्या खुणा एकाच दिशेने हलल्या, तर त्या एकमेकींशी छान जुळतील आणि सगळ्याच चुकीच्या असतील. सर्वांत वाईट जुळणारी खूण काढून टाकली की आकडा खाली येतो, पण गाठीच्या जागेची चूक कधीकधी त्यानेच वाढते. कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनचेही हेच आहे. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट कॅमेऱ्यासमोर वेगवेगळ्या कोनांत धरून भिंगांचे गणित जुळवायची झेंगयू झांग यांची 2000 सालची पद्धत आज सर्वत्र वापरली जाते, आणि ती चांगली आहे. पण समजा, पटावरचा चौकोन 25 मिलिमीटरचा मानला आणि छपाईत तो 24.8 चा आला. गणित तरीही सुरेख जुळेल, शिल्लक चूक तितकीच लहान दिसेल, आणि त्या कॅमेऱ्याने मोजलेले प्रत्येक अंतर 0.8 टक्क्यांनी जास्त येईल. वीस सेंटिमीटरला 1.6 मिलिमीटर. आतून शोधत बसले तर ही चूक कधीच सापडणार नाही, कारण आत सगळे एकमेकांशी सहमत आहेत. ती सापडेल एकाच मार्गाने. ज्याची लांबी दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या साधनाने मोजली आहे असा एक गज त्याच्यासमोर धरायचा.

या सगळ्यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो, आणि तो वजनदार आहे. शरीर म्हणजे काही लोखंडाचा ठोकळा नव्हे. कवटी उघडली, द्रव वाहून गेला की मेंदू खचतो. डार्टमथच्या डेव्हिड रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये 28 शस्त्रक्रियांत मोजून पाहिले, तेव्हा मेंदूचा पृष्ठभाग सरासरी सुमारे एक सेंटिमीटर सरकलेला आढळला. जिथे अवयवच सेंटिमीटरने हलतो तिथे कॅमेऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरची चिंता कशाला? याचे माझे पहिले उत्तर असे की, मेंदू एक सेंटिमीटर सरकला हेही कुणीतरी मोजूनच कळले. त्याच गटाने पुढे शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकावर स्टिरिओ कॅमेरे बसवून उघड्या मेंदूच्या पृष्ठभागाचा आकार टिपायला सुरुवात केली, म्हणजे सरकणे हिशेबात धरता यावे. ज्या साधनाने शरीराचे हलणे पकडायचे ते साधनच हलत असेल, तर कोण हलले हे ठरवायचे कसे? शरीर जितके चंचल तितका मोजणारा स्थिर हवा. आणि सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा मुळातच नाजूक असतो. सर्जनने झूम किंवा फोकस बदलला की भिंगाचे सगळे गणित बदलते, म्हणून प्रत्येक स्थितीचे कॅलिब्रेशन आधी तयार ठेवावे लागते. पोटाच्या शस्त्रक्रियेतल्या स्टिरिओ दुर्बिणीत तर दोन भिंगे काही मिलिमीटरच्याच अंतरावर असतात. पाया पाच मिलिमीटरचा आणि ऊती दहा सेंटिमीटरवर असेल, तर अंशाच्या त्याच शंभराव्या भागाने तिथेही खोलीत मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त फरक पडतो.

दुसरे उत्तर चुकीच्या प्रकारात आहे. शरीराची चूक बहुतांशी इकडे-तिकडे होते. रुग्ण आज थोडा डावीकडे, उद्या थोडा उजवीकडे. कॅलिब्रेशन बिघडलेल्या कॅमेऱ्याची चूक मात्र प्रत्येक रुग्णाला, प्रत्येक दिवशी, त्याच दिशेने लागते. किरणोपचारात या फरकाचे वजन आकड्यांत मांडलेले आहे. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हान हेर्क आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये गाठीभोवती किती जास्तीची जागा सोडावी याचे सूत्र दिले, आणि ते आजही जगभर वापरले जाते. एकाच दिशेने राहणाऱ्या चुकीच्या विस्ताराची अडीच पट अधिक इकडे-तिकडे होणाऱ्या चुकीच्या विस्ताराची 0.7 पट. म्हणजे पहिल्या प्रकारची चूक दुसऱ्यापेक्षा साडेतीन पटींहून जास्त महाग. डाव्या स्तनाच्या कर्करोगात रुग्णाला दीर्घ श्वास रोखून धरायला सांगतात, म्हणजे हृदय किरणांच्या वाटेतून दूर जाते, आणि छताला टांगलेले स्टिरिओ कॅमेरे छातीचा पृष्ठभाग पाहून श्वास ठरल्याइतका भरला आहे की नाही ते सांगतात. हे कॅमेरे दोन मिलिमीटर एकाच बाजूला चुकत असतील, तर आठवडेच्या आठवडे रोज तीच चूक, रोज त्याच हृदयाला. श्वासाच्या लहरींसारखी ती स्वतःहून भरून निघत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 च्या आणि नंतर 2022 च्या अहवालांत अशा कॅमेऱ्यांची रोजची तपासणी मांडली, आणि तीही उपचारयंत्राच्या केंद्रबिंदूशी ताडून, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कबुलीवर नव्हे.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा आहे. आता कॅमेऱ्यांना धक्का लागला की कळते, तापमान बदलले की ते स्वतः सुधारणा करतात, आणि समोरच्या दृश्यावरूनच स्वतःचे कॅलिब्रेशन करणाऱ्या गणिती पद्धतीही पुष्कळ झाल्या आहेत. मग माणसाने रोज पट्टी धरून बसायचे कशाला? या सुधारणांचे मला मनापासून कौतुक आहे, त्यांच्यामुळे पुष्कळ चुका मुळातच टळतात. पण नुसत्या चित्रांवरून आकार कळतो, मोठेपणा कळत नाही, ही या गणिताची मूळ मर्यादा आहे. दोन भिंगांसमोरचे सगळे जग दुप्पट मोठे आणि त्यांच्यातला पायाही दुप्पट मोठा असला, तर चित्रे तंतोतंत तीच येतात. म्हणून कुठेतरी एक ज्ञात लांबी बाहेरून द्यावीच लागते, आणि ती ज्ञात लांबी खरी आहे की नाही हे कितीही हुशार संगणकाला चित्रांतून कळत नाही. शिवाय कॅमेरा स्वतःपुरतेच बोलतो. उपकरणाचे टोक वाकले आहे, गोळ्यावर रक्ताचा थेंब पडून त्याचे चकाकणारे केंद्र सरकले आहे, डोक्याची चौकट कुणाच्या कोपराने किंचित फिरली आहे, यातले काहीच त्याला दिसत नाही. सबंध साखळी तपासायची तर साखळीच्या शेवटच्या टोकाला, उपकरणाच्या अणीवर, ज्ञात बिंदू ठेवून तपासावे लागते. अमेरिकन मानकसंस्था एएसटीएमने शस्त्रक्रियेच्या संगणकीय यंत्रणांसाठी एफ2554 हे मानक काढले, त्याचा गाभाही हाच आहे.

शेवटचा आक्षेप वेळेचा आणि माणसांचा, आणि आपल्याकडे तो सर्वांत मोठा आहे. गर्दीच्या रुग्णालयात दिवसाची यादी आधीच लांबलेली असते. त्यात हे कोण करणार? इथे मी मुंबईकडेच बोट दाखवीन. किरणोपचाराच्या मात्रेबाबत आपण हा प्रश्न कधीच सोडवला आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत, केंद्रांमध्ये प्रशिक्षित भौतिकतज्ज्ञ असतात, यंत्रातून बाहेर पडणारी मात्रा नियमाने तपासली जाते, आणि ज्या आयनीकरण कक्षाने ती मोजतात त्याचे स्वतःचे कॅलिब्रेशन भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रमाणाशी जोडलेले असते. ट्रॉम्बेच्या त्या केंद्राने 1962 पासून या विषयाची पदविका चालवून माणसेही घडवली. मात्रा मोजणाऱ्याचीही मोजणी व्हायला हवी, हे आपल्याकडे मुरलेले शहाणपण आहे. पण ते किरणांपुरतेच राहिले. मेंदूच्या किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियागृहातल्या स्टिरिओ कॅमेऱ्यातून घातक किरण निघत नाहीत, म्हणून तो त्या नियमांच्या कक्षेत येत नाही आणि त्याच्यासाठी भौतिकतज्ज्ञही नेमलेला नसतो. तो खरेदीच्या वेळी तपासला जातो, करार असेल तर कंपनीचा माणूस अधूनमधून येतो, आणि मधल्या काळात त्याच्या मापाचा धनी कुणीच नसतो. नाक्यावरच्या किराणा दुकानदाराचा तराजूसुद्धा वैध मापन विभागाच्या ठराविक मुदतीच्या पडताळणी व मुद्रांकनाशिवाय वापरता येत नाही. डाळीच्या वजनाला जो न्याय आपण लावतो तो कवटीच्या आतल्या मिलिमीटरला लावू नये, याला काहीही समर्थन नाही.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागणार नाही. ज्याची लांबी कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनवर मोजून घेतली आहे असा, उष्णतेने फारसा न बदलणारा एक गज पुरेसा आहे. त्याच्या दोन टोकांना तेच चमकदार गोळे हवेत. हे मोजमाप नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या प्रमाणाशी जोडलेले हवे, आणि गज दरवर्षी पुन्हा मोजून घ्यायला हवा, कारण साक्षीदारही म्हातारा होतो. कॅमेरा पुरेसा तापू द्यायचा, मग गज मोजणीच्या क्षेत्रात मध्यभागी आणि जवळ-दूरच्या कोपऱ्यांत धरायचा, कारण कोपऱ्यांतल्या चुका मध्यभागी दिसत नाहीत. उपकरणाची अणी एका ज्ञात खळगीत टेकवून पाहायची. या कामाला काही मिनिटे लागतात. खरी कसोटी त्यानंतरची आहे. आकडा मर्यादेबाहेर गेला तर शस्त्रक्रिया थांबवण्याचा अधिकार ज्याने मोजले त्याला असला पाहिजे, मग तो तंत्रज्ञ असो की परिचारिका, आणि तो अधिकार रुग्णालयाने लेखी दिला पाहिजे. रोजचे आकडे एका आलेखावर मांडले तर सावकाश होणारी घसरण मर्यादा ओलांडण्याच्या कितीतरी आधी दिसते. एकेकट्या दिवसाच्या चांगल्या आकड्यात ती लपून राहते. रुग्णालय चालवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. तुमच्याकडे असा कॅमेरा असेल, तर त्याच्या मापाला एक जबाबदार माणूस नावानिशी नेमा, त्याला मोजलेला गज द्या, आणि उद्यापासून रोज पहिल्या रुग्णाच्या आधी आलेला आकडा तारखेसह, सहीसह वहीत चढवायला सांगा.